ग्लेस कॉटनचा हत्ती

"अवं बाई, जरा इकडे या. सूनबाईनं काय आणलं थे पाहा."

काकूंच्या हाकेला लगेच ओ द्यावी लागते, नाहीतर त्या कुंपण ओलांडून येतात. आमच्या दोघींच्या आवारांमध्ये तार आहे आणि तारेला टेकवलेल्या पऱ्हाट्या. दर साली उलंगवाडी झाली की काकूंचा मुलगा त्या शेतातून आणून लावतो, आणि काकू त्यातल्याच उपसून पाण्याच्या चुलीत घालतात. त्यामुळे बोलायला जागा आपोआप होते, आणि एकमेकींच्या दोरीवर काय वाळतंय तेही दिसतं. मारेगावात पेपरातल्या बातम्यांपेक्षा दोरीवरच्या बातम्या जास्त खऱ्या.

दोरीवर चादर होती. मधोमध झूल घातलेला हत्ती, हत्तीभोवती चक्र, चक्राभोवती कोयऱ्या, काठाला मोरपिसं. जांभळा, केशरी, पोपटी, राणी. एकही रंग वगळलेला नव्हता.

"बेडरूमसाठी," काकू म्हणाल्या. "कापसाच्या खोलीची बेडरूम झाली न आता."

हे मात्र मोठं वर्तमान होतं. त्यांची मागची खोली म्हणजे कापसाची खोली, हे अख्ख्या गल्लीला पाठ. सीतादही झालं की वेचा सुरू, आणि वेचलेला कापूस भाव चढेल या आशेवर संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंत त्या खोलीत छताला टेकून बसलेला. पोरं त्यात उड्या मारायची आणि रात्रभर अंग खाजवायची. यंदा तिथे टाइल्स लागल्या, वर पीओपी झालं, आणि भिंतीला असा रंग लागला, जो दुकानदारानं 'लॅव्हेंडर' म्हणून विकला आणि काकूंनी 'वांग्याचा' म्हणून पसंत केला.

"अन् कापूस?" मी विचारलं.

"थो आता वेचला की सरळ जिनिंगले. घरात ठेवाची सोयच नाई राहिली. पोट्टं म्हणते, भाव गेला खड्ड्यात, मले झोपाले खोली पायजे."

एवढ्यात सून बाहेर आली. ती नागपूरची, फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केलेली, आणि लग्नाआधी पडदे-चादरींच्या दुकानात नोकरी केलेली. म्हणजे या विषयात तिचा शब्द चालायला हवा. पण सासूसमोर सुनेचा डिप्लोमा किती चालतो ते तुम्हाला माहीत आहेच.

"मावशी, बोहो आहे ते," ती म्हणाली. "म्हणजे जगातून कुठून कुठून नक्षी घ्यायची. चादर एकीकडची, उशी दुसरीकडची, पायथ्याशी पांघरूण तिसरीकडचं."

"आमच्याकडे लग्नघरात पाहुण्याले अशेच टाकत जावो आमी अंथरुणं," काकू म्हणाल्या. "तवा त्याले कोणी नाव नाई ठेवलं."

मी चादरीला हात लावून पाहिला. गुळगुळीत, थोडी निसरडी. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: ग्लेस कॉटन. मी सुनेकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर हत्तीकडे वळवली. तिला माहीत होतं. दुकानात काम केलेल्या बाईला माहीत नसेल कसं?

"काकू, काडेपेटी आणा," मी म्हटलं.

शिवणीतून सुटलेला एक दोरा काढला आणि पेटवला. सूत जळतं तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो, आणि मागे राखाडी राख उरते, बोटानं चोळली की उडून जाते. हा दोरा जळलाच नाही नीट. आकसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी होऊन बसला. काकूंनी तो मणी अंगठ्याखाली दाबून पाहिला.

"पलास्टिक हाये हे!"

"पॉलिएस्टर," सून हळूच म्हणाली.

"येकच झालं. पन्नास वर्स त्या खोलीत कापूस ठेवला आमी, अन् आता त्याच खोलीत कापसाच्या नावानं पलास्टिक! सासऱ्याहिनं बंडीनं कापूस नेला वणीले, रात-रात बंडीखाली झोपले थे."

सुनेची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. पॉलिएस्टरचा रंग विटत नाही, ते आटत नाही, पावसाळ्यात अर्ध्या दिवसात वाळतं, इस्त्री लागत नाही, आणि सुती चादरीच्या निम्म्या किमतीत दोन खोळींसकट घरपोच येतं. नागपुरात फ्लॅटमध्ये एसी लावून झोपणाऱ्याला ते चालूनही जाईल. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, कूलरची हवा ओली, लाइटीचा भरवसा नाही. पॉलिएस्टर घाम पीत नाही. पाठ चिकटते, आणि रात्री दोनला माणूस उठून गच्चीवर जातो.

"नक्षी मात्र चांगली आहे ना, मावशी?" तिनं विचारलं.

नक्षी चांगलीच होती. आणि ती परदेशी आहे असं तिला वाटत होतं, त्याची मला गंमत वाटली. हे हत्ती-चक्राचं पांघरूण राजस्थानातल्या छपाईतून निघालेलं. १९६०-७०च्या दशकात केस वाढवलेली गोरी पोरं-पोरी आपल्याकडे यायची, ती जाताना असली पलंगपोसं पाठीवर टाकून घेऊन गेली. कुणी खिडकीला लावलं, कुणी भिंतीला, कुणी त्याचे झगे शिवले. तिकडे ते 'बोहो' झालं, आणि आता मोबाइलवरून आपल्याच पत्त्यावर परत आलं.

"म्हणजे माहेरी आली म्हणा न चादर," काकू म्हणाल्या. "पन कापड बदलून आली."

पलंगपोसांची परदेशवारी त्याहून जुनी आहे. मच्छलीपट्टण आणि कोरोमंडल किनाऱ्यावर कलमानं रंगवलेली मोठी सुती पलंगपोसं सतराव्या-अठराव्या शतकात जहाजं भरभरून युरोपात जात. मधोमध एक वळणदार झाड, त्यावर जगात कुठे न सापडणारी फुलं. धुतलं तरी रंग जात नाही, हे तिकडच्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्या वेड्या झाल्या. फ्रान्सच्या राजानं १६८६ साली छिटाच्या कापडावर बंदी घातली. ती १७५९पर्यंत चालली.

"अन् बायकाहिनं आयकलं?"

"कशाच्या ऐकतात! चोरून घेतलंच. लंडनमध्ये तर १७१९ साली तिथले विणकर इतके चिडले, की रस्त्यात दिसेल त्या बाईच्या अंगावरचं छिटाचं कापड फाडायला लागले. मग दोन वर्षांनी तिकडेही कायद्यानं बंदी आली."

काकूंनी पदर सावरला. "बापा बापा! चादरीपायी?"

"पोटापायी. त्यांचं लोकरीचं अन् रेशमाचं कापड कुणी घेईना."

सुनेला आता चेव आला. तिनं मोबाइल काढला आणि टोपलीत टाकून ठेवलेल्या चादरी आम्हाला एकेक दाखवायला लागली. कोयरी-कोयरीची एक होती; ती काश्मिरी शालींवरून स्कॉटलंडच्या पेझ्ली गावानं उचलली आणि जगभर त्या गावाच्या नावानं खपवली. एक 'आफ्रिकन' होती, लाल-पिवळी, डोळे दिपवणारी. ते कापडही मुळात आफ्रिकेचं नाही. जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल डच लोकांनी यंत्रावर केली, आणि तिला खरी मागणी लागली ती पश्चिम आफ्रिकेत. हेल्मंड नावाच्या डच गावात १८४६ साली सुरू झालेली कंपनी अजूनही तिकडच्या बायकांसाठी ते कापड छापते. अजरखची एक होती, गडद निळी आणि मंजिष्ठी लाल. अस्सल अजरख कच्छच्या खत्रींचं. २००१च्या भूकंपानंतर त्यांनी नवं गावच वसवलं, अजरखपूर. मोबाइलवरची मात्र 'अजरख प्रिंट' होती. मागे 'प्रिंट' हे शेपूट दिसलं की नीट डोळे उघडून वाचावं.

मग आली इकतची. दोरा विणण्याआधीच बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा जरा पुसट, थरथरत्या दिसतात. उझबेकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत इकत आहे, म्हणून तीही 'ग्लोबल'.

"पण सूनबाई," मी म्हटलं, "पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. तिथल्या पोचमपल्लीत हातमागावर सुती इकतच्या चादरी मिळतात."

"पोचमपल्ली?" काकूंचे कान टवकारले. "थे विनोबाचं?"

तेच. आपल्या पवनारहून पायी निघालेल्या विनोबांना १९५१च्या १८ एप्रिलला जिथे भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली, तेच गाव. काकूंच्या माहेरी भूदान चळवळीतल्या माणसांचं येणं-जाणं होतं. त्यामुळे विनोबांच्या गावची चादर म्हटल्यावर त्यांचा विरोध निम्मा विरघळला. सुनेनं ते हेरलं आणि इकत ताबडतोब 'आवडत्या' यादीत टाकली. डिप्लोमात शिकवत नसतील असल्या गोष्टी.

खरी करमणूक पुढे होती. तिनं उशीचे अभ्रे दाखवले: आरसे लावलेले, कवड्या टाकलेले, काळ्या-लाल कापडाचे तुकडे जोडलेले. एकेकाची किंमत पाहून काकूंनी मोबाइलच लांब धरला.

"हे त लमाणबायकाहिचं काम हाये!"

आपल्या जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा भागात किती तांडे आहेत! फेट्या-कांचळीवरचं भरतकाम, घुंगरू, आरसे हे सगळं आपण बाजारात, बसस्टँडवर जन्मभर पाहत आलो. मोबाइलमध्ये खाली 'ट्रायबल इन्स्पायर्ड' लिहिलं होतं. इन्स्पायर कुणाच्या हातानं केलं, त्या बाईला किती मिळाले, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. माझं मत विचाराल तर अभ्रे घ्यायचेच तर तांड्यावरच्या बाईकडून सांगून करून घ्यावेत. चार अभ्र्यांना वेळ लागेल, पण टाका पाहून घेता येईल, आणि पैसेही तिच्याच हातात पडतील.

"तुमी त बाई सगळंच हाणून पाडता," काकू म्हणाल्या. "तिले काही परदेशी घेऊ द्यान की."

म्हणजे आता त्या सुनेच्या बाजूनं! मग मी त्यांना एका परदेशी गावाची गोष्ट सांगितली, जी मला अंथरूण-पांघरुणाच्या सगळ्या गोष्टींत थोर वाटते.

अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे. कापसाचं. तिथे त्याच नावाची नदी एक मोठं वळण घेते, आणि त्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेलं, जीज बेंड नावाचं गाव आहे. गावात सगळे काळे लोक, कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. कित्येकांचं आडनाव अजूनही मळेवाल्या मालकाचंच, पेटवे. त्या अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. म्हणजे त्यांचा आणि आपला संबंध जुनाच.

"मंग?"

मग तिथल्या बायका. थंडी मरणाची, घरं फळ्यांची, फटींतून वारा. त्यांनी काय करावं? शेतात घालून घालून फाटलेल्या पँटी, सदरे, पिठाची पोती, जे हाती लागेल ते फाडलं आणि गोधड्या शिवल्या. गुडघ्यावर विटलेला निळा रंग, खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन, तेही तसंच लावलं. मोठमोठे पट्टे, वाकड्या रेषा, मध्येच एक लाल तुकडा.

"आमची वाकय अशीच राहे," काकू म्हणाल्या.

१९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग त्या गावात आले होते. मतदानाचा हक्क मागितला म्हणून गावातल्या लोकांना त्रास झाला. पलीकडच्या तालुक्याच्या गावी नेणारी नाव १९६२ सालीच बंद पडलेली, ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. बायकांनी १९६६ साली मिळून संस्था काढली, गोधड्या शहरात विकायला लागल्या. १९७२ साली एका मोठ्या कंपनीनं कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम दिलं. अभ्रे सगळे एका मापाचे, एका साच्याचे, त्यात बायकांचं मन काय रमणार? पण उरलेल्या चिंध्या त्या घरी नेत, आणि त्यांतून केलेल्या गोधड्या आज नावाजल्या जातात. पुढे २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

"आणि त्यात एक गोधडी आहे," मी म्हटलं, "मिसूरी पेटवे नावाच्या बाईची. १९४२ची. नवरा गेला, तर तिनं त्याचे कामाचे कपडे घेतले आणि गोधडी शिवली. पांघरायला."

काकू थोड्या थांबल्या. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"एक सदरा ठेवला होता मी," त्या म्हणाल्या. "कोणाले सांगतलं नाई. पेटीत हाये." मग लगेच सुनेकडे वळून, "तू नोको फाडू थो."

सून म्हणाली, "नाही ना आई," आणि आत जाऊन चहाच घेऊन आली. तेवढी समज तिला आहे.

चहानंतर कामाचं बोलणं झालं. मी स्पष्ट सांगितलं: नक्षी कुठलीही आणा, आफ्रिकेची आणा, चंद्रावरची आणा, पण कापड सुती पाहिजे. ज्या घरी कापूस पिकतो त्या घरी तर पाहिजेच. आता घरचा कापूस काही चादर होऊन घरी येणार नाही, तो काळ गेला. टाटांनी १८७७च्या पहिल्या जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती इकडचाच कापूस डोळ्यांपुढे ठेवून. ती मिलही बंद पडली, तिच्या जागेवर मॉल झाला. पण वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगाची खादी मिळते, छापलेली, अंगाला मऊ. महाग आहे. मग रोजच्याला सोलापुरी चादर.

"सोलापुरी?" सुनेनं तोंड केलं. "ती तर हॉस्टेलमध्ये असते."

हे मला आवडलं नाही. सोलापुरी चादरीइतकं जगभर फिरलेलं अंथरूण-पांघरूण दाखव म्हणावं दुसरं! तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हात, आणि माग जॅकार्डचा, म्हणजे फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ जॅकार्डनं १८०४ साली शोधलेला. भोकं पाडलेले पुठ्ठे त्यावर फिरतात, भोक असेल तिथे दोरा उचलला जातो, नसेल तिथे राहतो, आणि मोर उमटत जातो. नक्षी छापलेली नसते, विणीतच असते, म्हणून उलट बाजूनंही दिसते, फक्त रंग उलटे. महाराष्ट्रात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालेल्या वस्तूंत तिचं नाव आहे. फक्त घेताना अस्सल घ्यावी. बाजारात 'सोलापुरी' म्हणून काय काय विकतात, काडेपेटी जवळ ठेवलेली बरी.

"पण ते सगळं एका पलंगावर कसं जुळवायचं?" तिनं विचारलं. खरं तर हे तिलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि बोलता बोलता तिनंच सांगितलं. एकच नक्षी मोठी ठेवायची, दुसरी बारीक, तिसरी म्हणजे नुसत्या रेघा किंवा चौकडे. तिन्हींत एक रंग समान हवा. तो धागा धरला की बाकी रंग भांडत नाहीत. आणि भिंत रंगीत असेल तर पडदे साधे.

"भिंत वांग्याची हाये," काकूंनी आठवण दिली.

"म्हणून तर इकत निळी-पांढरी घेऊ, आई. त्यात थोडा जांभळा असतो."

काकूंनी पडद्यांना फुलं पाहिजेत असा हट्ट धरला होता, तो त्यांनी सोडला. पण भिंतीवरचं मोराचं घड्याळ हलणार नाही, एवढं ठणकावलं. ते त्यांच्या भावानं दिलेलं. मग एक मोर चादरीतही येऊ द्या म्हटलं, सोलापुरी पायथ्याला.

मापाचं काय? पलंग सहा बाय सव्वासहा. म्हणजे रुंदी बहात्तर इंच, गादी सहा इंच जाड, दोन्हीकडचे मिळून बारा, आणि खाली खोचायला प्रत्येकी फूटभर तरी हवं. झाले एकशे आठ. नव्वद इंची 'डबल' चादर घेतली की रात्रभर एकजण टोक ओढतो आणि दुसऱ्याची गादी उघडी पडते. निम्म्या घरांत नवरा-बायकोची भांडणं यावरूनच होत असावीत असा मला संशय आहे. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात. काकू म्हणाल्या, मीठ टाकावं, रंग पक्का होतो. सून म्हणाली, एकदा रंगवून आलेलं कापड मिठानं पक्कं होत नाही. यावर दोघींचं पाच मिनिटं झालं. मी मध्ये पडले नाही, सून बरोबर होती.

"अन् ह्या चादरीचं काय कराचं?" काकूंनी दोरीकडे मान केली.

"परत पाठवता येते सात दिवसांत, पण धुतली ना तुम्ही."

"राहू दे. मे महिन्यात तुह्या मामेसासऱ्याचं बिऱ्हाड येते, महिना-महिना हालत नाई. त्याहिले टाकू. लवकर जातीन."

सुनेनं तोंड वळवून हसू लपवलं. मीही कपबशा उचलायला घेतल्या, पण काकू काही अजून मोकळ्या झाल्या नव्हत्या. त्यांनी पऱ्हाट्यांवर कोपर टेकलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, थे राहू द्या. मागच्या गल्लीत त्या ठेकेदाराच्या घरी नागपूरहून पलंग आला म्हणते. गोल."

"गोल?"

"गोल गरगरीत. मी सोता नाई पाहिला, पन पोरं पाहून आले. मंग मले सांग व सूनबाई, त्याले चादर कोणत्या मापाची लागते? अन् डोकं कुकडे कराचं?"